शुगर कुठंय?

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझ्या पेशंटचा गरोदरपणाचा 35वा आठवडा, चार दिवस उलट्या, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) 4, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढतं ते एन्झाइम) 280, मेडिसिनवाले म्हणतात व्हायरल आहे, हिपॅटायटिस ई चा रिपोर्ट येऊ दे, आणि तुझे सर म्हणतात बीपी नॉर्मल म्हणजे हेल्प (HELLP, गरोदरपणात रक्तपेशी फुटतात, लिव्हर बिघडतं, प्लेटलेट घसरतात तो आजार) नाही. सगळं लिहिलंस, शुगर कुठंय? आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर होतोय तो आकडा, तो कुठंय?

एसजीपीटीच्या आकड्यावरून घाबरायचं की नाही ते ठरवू नको. अॅक्यूट फॅटी लिव्हरमध्ये, म्हणजे गरोदरपणात लिव्हरमध्ये अचानक चरबी साठते त्या आजारात, तो बऱ्याचदा काहीशेच असतो, व्हायरलमध्ये हजारांत जातो, म्हणजे आकडा लहान असलेली बाईच जास्त सिरियस असू शकते. लिव्हर काम करतंय का ते बघ. शुगर घसरतेय, आयएनआर वाढतोय, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) चढतंय, बाई गुंगीत वाटतेय, तर मग रिपोर्टची वाट कसली बघतेस, डेक्स्ट्रोज लाव, एफएफपी (रक्त गोठवणारा प्लाझ्मा) मागव, आयसीयू बघ आणि डिलिव्हरी करा, फॅटी लिव्हरला दुसरं औषध नाही. हेल्प निघाला तरी तेच, मॅगसल्फसकट (झटके येऊ नयेत म्हणून देतात ते मॅग्नेशियम सल्फेट), आणि सरांना सांग की काही बायकांत बीपी नॉर्मल असतानाही हेल्प होतो, प्लेटलेट बघा. हिपॅटायटिस ई निघाला तर मात्र बाळ काढून लिव्हर सुधारेलच असं नाही, रिबाव्हिरिन हे व्हायरसवरचं औषध गरोदरपणात देत नाहीत, तिथं नुसता सपोर्ट. पण तिथंही ती किती खोलात आहे ते शुगर आणि आयएनआरच सांगणार ना!

अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हरच्या रिपोर्टमधलं आणखी एक एन्झाइम) वाढलंय ते सोड, ते प्लॅसेंटाचं असतं. (रात्री तळहात-तळपायांना खाज आणि पुरळ नाही असं कुणी सांगितलं तर रक्तातलं बाइल अॅसिड तपासायला पाठवायचं, ते पित्त तुंबण्याचं प्रकरण वेगळं, त्यावर नंतर बोलू.)

मला मागे 'शुगरवाली बाई' म्हणायचे. रात्री लॅबवाल्याला उठवते, नातेवाइकांचा खर्च वाढवते म्हणे. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपला असे किती पैसे पडतात? या हट्टापायी जवळची माणसं दुरावली, त्याचं वाईट वाटतं, हट्टाचं नाही.

सासू काविळीची माळ घेऊन आलीये म्हणतेस, तर घालू दे. त्यावर वाद घालण्यापेक्षा तेवढ्यात बोटातून रक्त काढ.

आणि डिलिव्हरी झाली की वॉर्डात ढकलायची घाई नको, पुढचे काही दिवस आयएनआर बिघडू शकतो, शुगर परत पडू शकते. पेडियाट्रिकवाल्यांनाही आधीच सांगून ठेव, फॅटी लिव्हर असलेल्या आईच्या बाळात कधीकधी चरबी जाळणारं एन्झाइमच कमी असतं, त्याचीही शुगर बघत राहावी लागेल.