घरी तर मस्त वाजतं हो मॅडम!

"घरी एकदम मस्त वाजतं, पण चार माणसं समोर बसली की बोटं माझी राहतच नाहीत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने 'घरी' म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करू शकते. मी समुपदेशक, स्टेजची भीती घेऊन माझ्याकडे गाणारे येतात, तबलेवाले येतात, पण सगळ्यात जास्त हौशी गिटारवाले. म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. बसलो आम्ही नऊ वेळा, इथे तीन-चार प्रसंगच येतील.

वय चाळिशीचं. काम हिशेबाचं, एक आकडा जुळला नाही तर रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यातला. गिटार पस्तिशीनंतर शिकला, रोज तासभर वाजवायचा. पहिल्यांदाच एका ओपन माइकला, म्हणजे कोणीही येऊन वाजवू शकतो अशा कार्यक्रमाला गेला, दुसऱ्या कडव्यात एफचा बार कॉर्ड आला, एका बोटाने सगळ्या तारा एकदम दाबून धरायचा सूरांचा गुच्छ, तारा नीट दाबल्याच गेल्या नाहीत आणि नुसता ठप्प असा आवाज आला. तिथेच थांबला, सॉरी म्हणाला, परत सुरू केलं, परत तिथेच अडकला आणि उठून आला. लोकांना सांगितलं तारा जुन्या आहेत म्हणून. त्यानंतर आठ महिने कोणासमोर गिटार काढली नाही.

पहिल्या भेटीत त्याचं म्हणणं सरळ होतं. "भीती पूर्ण गेली पाहिजे, मग मी वाजवीन." आणि हळूच, "ते प्रोप्रॅनोलॉल की काय घेतात ना कलाकार लोक, ते मिळेल का?" म्हटलं ते धडधड कमी करणारं औषध मी देत नाही, डॉक्टर देतात, आणि तुमच्या खिशातून तो दम्याचा पंप डोकावतोय, त्यांना तो आधी दाखवा, कारण दमा असणाऱ्याला ती गोळी धोक्याची ठरू शकते. तो विषय तिथेच संपला.

मग त्याला शरीराचं सांगितलं. स्टेजवर अॅड्रेनालिन वाढतं, शरीराला वाटतं पळायचंय किंवा भांडायचंय, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, बोटातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. म्हणून हात गार पडतात, घामाने तारा छेडायचं पिक निसटतं, आणि गाण्याचा वेग आपल्याला न कळता वाढतो. यात बिघडलेलं काहीच नाही, पळायला तयार झालेल्या हाताकडून आपण बारीक विणकाम मागतोय एवढंच. पाब्लो कासाल्स हा विसाव्या शतकातला केवढा मोठा चेलोवादक (चेलो म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य), १९०१ मधे अमेरिकेत डोंगरावर गेला असताना वरून दगड येऊन त्याच्या डाव्या हाताची बोटं चेचली, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा, आता परत वाजवावं लागणार नाही! त्यानेच हे नंतर सांगितलंय. बोटं बरी झाली आणि पुढे कितीतरी दशकं तो वाजवत राहिला, धडधड सोबत घेऊनच. हे ऐकून आमचा गिटारवाला म्हणाला, "त्यांचं वेगळं हो." हे पण सगळे म्हणतात.

तिसऱ्या भेटीत मी एक साधा प्रश्न विचारला, आणि खरं सांगते, तो सुचल्याचा मला अजून आनंद होतो.

"घरी चुकलं की काय करता?"

"थांबतो. परत पहिल्यापासून घेतो. चूक ठेवून पुढे कसं जाणार?"

"म्हणजे चुकल्यावर पुढे जायची प्रॅक्टिस आजवर किती झाली?"

बराच वेळ तो टेबलाकडे बघत होता. मग म्हणाला, "शून्य."

पाच वर्षं रोज तासभर हा माणूस थांबायची प्रॅक्टिस करत होता! स्टेजवर त्याने तेच केलं जे हाताला पक्कं शिकवलेलं होतं. आपण भीतीच्या मागे लागतो, आणि इकडे रियाजच चुकीचा चाललेला असतो.

पण रियाज बदला सांगून भागत नाही, कारण त्या थांबण्याच्या मागे एक 'च' असतो. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी, त्यामुळे मला हा 'च' लगेच ऐकू येतो. चांगलं वाजावं ही इच्छा झाली, त्याने माणूस मेहनत करतो. चांगलं वाजलंच पाहिजे ही झाली मागणी, आणि ती पुरी झाली नाही की लगेच 'मी फालतू' इथपर्यंत गाडी जाते. हा एलिस स्वतः मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने ठरवलं, बागेत जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. महिन्याभरात शंभरेक बायकांशी बोलला, भेटायला एकच तयार झाली, आणि ती पण आली नाही! पण भीती गेली, कारण नकाराने आभाळ कोसळत नाही हे शंभर वेळा बघून झालं होतं.

म्हणून पाचव्या भेटीला मी त्याला गिटार घेऊन बोलावलं. म्हटलं, आख्खं गाणं वाजवा, मधे तीन चुका मुद्दाम करा, थांबायचं नाही, चूक ऐकू आली की मी हात वर करणार. त्याचा चेहरा असा झाला की जणू मी ताळेबंदात मुद्दाम तीन आकडे चुकवायला सांगितले. बसला. उजव्या हाताचा तळवा दोनदा पँटला पुसला. वाजवायला लागला, घसरताना तारांचा तो चर्र आवाज येत होता, वेगही जरा जास्तच होता, पण शेवटपर्यंत गेला. मी दोनदा हात वर केला, अगदी आत्मविश्वासाने.

तो हसायलाच लागला. "मॅडम, तुम्ही हात वर केला ती दोन्ही ठिकाणं मी बरोबरच वाजवली होती. तो कॉर्ड तसाच आहे, जरा अधांतरी वाटतो. चुका चार झाल्या, तीन मुद्दाम, एक खरी. तुम्हाला एकही कळली नाही."

मग हसणं थांबलं. गिटार मांडीवर आडवी, एक हात तारांवर ठेवून तो म्हणाला, "म्हणजे हे ऑडिट मी एकटाच करतोय."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार वर्षांनी जमायला लागलंय, पूर्वी मी लगेच समजावून सांगायला जायची आणि समोरच्याला सापडलेलं काढून घ्यायची. थोड्या वेळाने शंका आलीच. "पण पहिल्या रांगेत गिटारवाला बसला असेल तर? त्याला कळणारच."

इथे बरेच जण धीर देतात, नाही हो, कोणाला कळत नाही. मला ते पटत नाही. कळणाऱ्याला कळतं.

"कळू दे. काय म्हणेल तो?"

"याला एफ येत नाही म्हणेल."

"येतो का?"

"...कधी कधी."

आणि दोघंही हसलो. नऊ भेटीतली माझ्या मते सगळ्यात कामाची दोन मिनिटं हीच.

पुढचं सगळं घाम गाळायचं काम. थांबून थांबून घोटायची प्रॅक्टिस चालूच ठेवायची, पण दिवसातून एकदा तरी गाणं पहिल्या बीटपासून शेवटच्यापर्यंत, काहीही झालं तरी न थांबता, मोबाईलवर रेकॉर्ड करत. अडखळलात तर डावा हात सैल सोडा, तारा नुसत्या मुक्या राहू द्या, पण उजव्या हाताचा ठेका चालू ठेवा आणि पुढच्या मात्रेला परत गाडीत चढा, ऐकणारा ठेक्याला धरून असतो. उभं राहून वाजवणार असाल तर घरी पण पट्टा लावून उभं राहूनच वाजवा, कारण गिटारची उंची बदलली की मनगट बदलतं. नवीन तारा त्याच दिवशी चढवू नका, त्या ताणल्या जात असतात आणि सारख्या सुरातून उतरतात, दोन-तीन दिवस आधी चढवा. पहिलं गाणं झोपेत वाजेल असं घ्या, अवघड गाणं पहिलं घेऊन इम्प्रेस करायची खाज आवरा. सुरू करायच्या आधी मनात चार मात्रा मोजा, तुम्हाला वाटेल त्यापेक्षा सावकाश. आणि ऐकणारे वाढवत न्या, आधी घरातलं एक माणूस, मग तीन मित्र, मग अनोळखी. मात्र महिनाभर आधीपासून झोप उडत असेल, श्वास कोंडत असेल, तर अशा टिपांवर अवलंबून न राहता कोणाला तरी प्रत्यक्ष भेटा.

भीती पूर्ण जायची अट त्याने सातव्या भेटीत स्वतःच मागे घेतली. हात गार होते, तसेच घेऊन गेला एका छोट्या कार्यक्रमाला. दोन गाणी वाजवली. मधे एक तार उतरली, तर "एक मिनिट हं" म्हणून सगळ्यांसमोर जुळवून घेतली म्हणे. मला रेकॉर्डिंग पाठवलं आणि खाली लिहिलं, 'यात एक खरी चूक आहे, शोधा.' मी तीन वेळा ऐकलं. नाही सापडली. शेवटी त्यानेच सांगितलं, दुसऱ्या कडव्यात, तोच एफ. आता कधीही लावलं तरी मला तेवढाच ऐकू येतो.