यूआरएलमध्ये काय, सेशनमध्ये काय

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रोजेक्ट काल रात्री चालवून पाहिला. बिलाचं पान उघडलं, अ‍ॅड्रेस बारमधल्या यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यात, ४१ च्या जागी ४२ टाकलं आणि शेजारच्या फ्लॅटचं बिल नावासकट समोर आलं. लॉगिन होतं, सेशन (कोण आत आलंय याची सर्व्हरने ठेवलेली नोंद) होतं. फक्त ‘हे बिल ह्याच माणसाचं आहे का’ हे तू कुठेच विचारलं नव्हतंस.

आता तू म्हणशील, मग बिलाचा क्रमांक सेशनमध्येच ठेवते. थांब, तो उद्योग मी करून बसलोय. एका सोसायटीच्या मेंटेनन्सचं काम होतं. ज्या सभासदाची नोंद उघडली आहे त्याचा क्रमांक मी सेशनमध्ये ठेवला. ऑफिसातल्या बाईंनी एका टॅबमध्ये एक सभासद उघडला, तेवढ्यात फोन आला म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये दुसरा पाहिला, मग पहिल्या टॅबवर येऊन ‘सेव्ह’ दाबलं. पहिल्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर! ब्राउझरच्या सगळ्या टॅबना कुकी (सेशनची ओळखचिठ्ठी) एकच, म्हणून सेशनही एकच. चूक सापडायला दोन दिवस गेले, कारण माझ्या मशीनवर मी एकच टॅब उघडत होतो.

तेव्हा क्रमांक यूआरएलमध्येच असू दे, फॉर्म असेल तर फॉर्ममध्ये. काय बघायचंय ते यूआरएलने सांगायचं, कोण बघतंय ते सेशनने, आणि क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या, ‘व्हेअर’मध्ये दोन्ही अटी घालायच्या: बिलाचा क्रमांक यूआरएलमधला, सभासदाचा सेशनमधला. ओळ मिळाली नाही तर सरळ ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. आणि हो, हे क्रमांक स्ट्रिंग जोडून क्वेरीत कोंबू नकोस, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आधी, क्रमांक वेगळे) वापर. हे तुला शंभरदा सांगून झालंय.

शोधाचे शब्द, फिल्टर, पान क्रमांक हेही यूआरएलमध्येच बरे, म्हणजे लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की समोरच्याला तेच पान दिसतं. मात्र लिंक हाताने जोडू नकोस. दुकानाच्या नावात ‘&’ आला की पुढचं सगळं वेगळं पॅरामीटर (यूआरएलमधून पाठवलेली वेगळी माहिती) होऊन बसतं. आपली अक्षरं तर आणखी फुगतात: ‘पुणे’ एन्कोड होऊन, म्हणजे यूआरएलला चालणाऱ्या खुणांत बदलून, ३६ अक्षरांचं होतं. पीएचपी भाषेत यासाठी तयार फंक्शन आहे, एचटीटीपी_बिल्ड_क्वेरी.

पासवर्ड किंवा ओटीपी यूआरएलमध्ये कधीच नको, तो हिस्ट्रीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये पडून राहतो. तुझी ‘डिलीट’ची साधी लिंकही काढ, तिथे पोस्ट (फॉर्म पाठवायची पद्धत) हवं.

सेशनचं एक विचित्र दुखणं तुला भेटेलच. पीएचपीत सेशनची मुदत मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. पण मुदत संपली की सेशनची फाइल लगेच पुसली जातेच असं नाही, झाडलोट अधूनमधून होते. म्हणून कुणी लांबलचक फॉर्म भरताना मध्येच बाहेर फेकला जातो आणि कुणी तासाभराने येऊनही आतच असतो. तक्रार आली की आधी ही सेटिंग बघ. लॉगिन झाल्याबरोबर सेशनचा आयडी बदलायचा, हे तुझ्या कोडमध्ये नाही, तेही घाल.

रविवारी जेवायला येशील तेव्हा लॅपटॉप आण. दोन टॅब उघडून मी स्वतः सेव्ह दाबून बघणार आहे.

तुझा,
मामा