दोन शर्यतींच्या मधली संध्याकाळ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या क्रॉस कंट्री स्की टीममधल्या सहाजणींच्या यादीत तुझं नाव लागल्याचं तुझ्या आईकडून कळलं. पहिल्याच वर्षी कार्निव्हलला, म्हणजे कॉलेजांच्या दोन दिवसांच्या स्की शर्यतींना, उतरायला मिळतंय, फार आनंद झाला. शुक्रवारी क्लासिक, म्हणजे दोन्ही स्की सरळ समांतर ठेवून पुढे सरकायचं, आणि एकेकीने सुटायचं. शनिवारी स्केटिंग, म्हणजे स्की तिरक्या बाहेर ढकलत जायचं, आणि सगळ्यांनी एकदम सुटायचं. तू शुक्रवारबद्दल खूप प्रश्न विचारलेस, शनिवारबद्दल एखादाच, आणि मधल्या वेळेबद्दल काहीच नाही. मला मात्र मुख्यतः त्या मधल्या वेळेबद्दलच सांगायचंय. व्हर्मांट आणि न्यू हॅम्पशरच्या ट्रेलांवर उभी राहून मी हे पुन्हापुन्हा पाहिलंय, की पहिल्या वर्षाच्या मुली शनिवारची शर्यत शुक्रवारी दुपारीच घालवून बसतात.

आधी शुक्रवार. दर तीस सेकंदांनी एकजण सुटते, त्यामुळे आपण कितव्या आहोत हे वाटेत कळत नाही. चढावर उभा असलेला कोच ओरडून सांगेल, अमकीच्या चार सेकंद मागे आहेस. ऐकायचं आणि पुढे बघायचं. पहिला किलोमीटर तुला फार सोपा वाटेल. तसाच वाटू दे, तिथे जोर काढू नकोस. जोर ठेव चढाच्या माथ्यासाठी. बहुतेकजणी माथा दिसला की श्वास सोडतात आणि दोन-तीन ढांगा नुसत्या सरकत जातात. पण उतारावर किती वेग मिळणार ते माथ्यावर ठरतं. माथा ओलांडल्यावरही पोलनी, हातातल्या काठ्यांनी, चांगलं सात-आठ वेळा ढकल आणि मगच खाली बसून उतर. हे एवढं जमलं तरी मी खूश.

वॅक्सची काळजी तुझी नाही, ती कोच आणि वॅक्सवाली मंडळी पहाटेपासून करत असतात. क्लासिकमध्ये पायाखालच्या पट्ट्यात पकडीचं वॅक्स लागतं. कडाक्याच्या थंडीत हिरवं, त्याहून कमी थंडीत निळं, शून्याच्या आसपास जांभळं, त्याहून उबदार असेल तर लाल. बर्फ वितळून पुन्हा गोठलेला असेल तर चिकट क्लिस्टर. थर जाड झाला तर उतारावर स्की अडते, पातळ झाला तर चढावर पाय मागे घसरतो. तुझं काम एवढंच की स्की चालवून पाहिल्यावर स्पष्ट बोलायचं. 'बरी आहे' या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो. 'चढावर पकडते, पण सपाटीला ओढल्यासारखी वाटते' असं सांगितलंस तर ते पाच मिनिटांत दुरुस्त करतात. नवी आहेस म्हणून संकोच करू नकोस. (आणि फ्लुओरिनवाल्या वॅक्सवर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या मोसमापासून बंदी अमलात आणली, ते फार चांगलं झालं. बंद खोलीत त्याचा धूर घेत कितीतरी माणसांनी काम केलंय.)

आता मुख्य गोष्ट. शेवटची रेषा ओलांडलीस की बर्फावर आडवी होशील, होऊ दे. पण उठल्याबरोबर कोरडे कपडे. आतला थर, मोजे, टोपी, सगळं बदल. अंग घामाने भिजलेलं आणि वर वारं, अशा स्थितीत मैत्रिणींशी बोलत उभं राहिलं की दहा मिनिटांत अंग काकडतं. मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू स्की करून ये. पहिल्या अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. टीमकडे बेगल असतील, पण तू थर्मासमध्ये मऊ भात ने, तूप, मीठ आणि मेतकूट घालून. शर्यतीनंतर घशाखाली दुसरं काही उतरत नाही तेव्हाही तो उतरतो. थंडीत तहान लागत नाही, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी पी. थंड, कोरडी हवा जोरजोरात ओढल्याने खोकला येईल, तो बहुतेकींना येतो. पण छातीत शिट्टीसारखा आवाज आला, दम भरून आला, तर लगेच टीमच्या डॉक्टरांना सांग. श्वासनलिका आकसण्याचा त्रास या खेळात पुष्कळांना होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. इनहेलर लागलाच तर डोपिंगच्या नियमांत बसतो ना, तेही त्यांनाच विचार.

आणि मग निकालाची यादी. ती तुझ्या मनाला लागणार, म्हणून आधीच सांगते. या खेळात मोठ्या विद्यापीठांची आणि छोट्या कॉलेजांची शर्यत वेगळी नसते. व्हर्मांट विद्यापीठ, डार्टमथ, मिडलबरी, बेट्स, सगळे एकाच रेषेवर. काही संघांत युरोपातून आलेल्या मुली असतात, वयाने मोठ्या, चालायला लागल्यापासून स्कीवर असलेल्या. त्यांच्या खाली तुझं नाव बरंच उतरलेलं दिसेल. यादी एकदा वाच. आपल्याच टीममधल्या तुझ्या पुढच्या मुलीशी किती सेकंदांचा फरक आहे तेवढं बघ आणि फोन बंद कर. सहाजणी धावतात, गुण पहिल्या तिघींचे धरतात. पण तिसरीचा पोल मोडला की चौथीचे गुण लागतात, आणि चौथी आजारी पडली की पाळी पाचवीची. तू पाचवी असशील तर पाचवीची शर्यत पूर्ण जोराने कर.

आईबाबा न्यू जर्सीत बसून लाइव्ह टायमिंग बघत असणार. त्यांना आधीच सांगून ठेव की शुक्रवारी फोन नाही, शनिवारी रात्री करीन. शुक्रवारचा आकडा दोनतीनदा बोलून झाला की तो झोपू देत नाही. आईला मी समजावते. 'आपल्यात कोण करतं हे' असं बाबा म्हणाले, तर कोडगूच्या भवानी थेक्कड नंजुंडाचं नाव सांग. ती भारतातर्फे आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री शर्यतींत उतरली आहे. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये जगदीश सिंह १५ किलोमीटर धावला, तेही सांग.

शनिवारी पाय जड असतील. स्केटिंगमध्ये पायांची चाल वेगळी, पण दंड आणि खांदे कालचेच. म्हणून शुक्रवारी रात्री लवकर झोप आणि सकाळी शर्यतीच्या तीन तास आधी खा. सुटताना सगळ्यांचे पोल एकमेकांत अडकतात, पहिल्या दोनशे मीटरमध्ये मोडतातही. तिथे पुढे घुसू नकोस, आपली जागा सांभाळ. जादा पोल घेऊन कोच ट्रेलवर नेमके कुठे उभे राहणार, ते आदल्या दिवशीच विचारून ठेव. सपाटीवर कोणाच्या तरी पाठीमागे राहा, वारा तिला लागू दे. हल्ली हिवाळे उबदार झालेत, त्यामुळे कृत्रिम बर्फाच्या छोट्या वाटेवरच फेऱ्या माराव्या लागतात. त्याचा फायदा घे. पहिल्या फेरीत घोळका कुठे मंदावतो ते पाहा आणि पुढच्या फेऱ्यांत नेमकं तिथेच एकेकीला गाठ.

तुला आवडेल म्हणून सांगते. हे स्केटिंग रुजवण्यात व्हर्मांटच्याच बिल कोकचा मोठा वाटा आहे. १९७६ ला इन्सब्रुकमध्ये ३० किलोमीटरचं रौप्य जिंकलेला हा माणूस १९८२ च्या मोसमात स्केटिंगची चाल वापरून वर्ल्ड कप जिंकला. त्यावर पुष्कळ वाद झाले, आणि पुढे क्लासिक आणि फ्रीस्टाइल (ज्यात स्केटिंग चालतं) अशा दोन वेगळ्या शर्यती झाल्या. तुझ्या वाट्याला दोन दिवस आले ते त्यामुळे.

शर्यत संपली की व्हॅन निघेपर्यंत वॅक्सच्या खोलीत जा. टेबलं पुसायची असतात, स्की बांधायच्या असतात, आणि ती माणसं पहाटे चारपासून उभी असतात. रविवारी झोप काढ, राहिलेला अभ्यास कर आणि मग मला लिही. कितवी आलीस ते यादीत मिळेलच. मला दुसऱ्या चढावरचा बर्फ कसा होता आणि पायाखाली कुठलं वॅक्स लावलं होतं, ते सविस्तर कळव.

तुझी,
मावशी