एफडी मोडण्याआधी बाबांचा मेडिक्लेम पाहा

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षे परिचारिका असलेल्या, मूळच्या अहिल्यानगरच्या 38 वर्षांच्या वाचक भगिनी लिहितात: ‘केनियात किसुमूजवळ एका ख्रिस्ती मिशनच्या बालगृहात दोन वर्षे विनावेतन सेवा करण्यासाठी मी मार्चअखेर राजीनामा देणार आहे. राहण्याजेवणाचे दरमहा 25 हजार रुपये मिशनला द्यायचे आहेत. प्रवास, परवाना वगैरेंना आणखी दीड लाख लागतील. त्यासाठी सात लाखांची एफडी मोडू की पीएफचे सहा लाख काढू? मी अविवाहित आहे. आईबाबा गावी बाबांच्या पेन्शनवर राहतात. तीन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा दोन लाख 80 हजारांचे बिल माझ्या नोकरीच्या मेडिक्लेममधून भागले. आता त्यांची नवी पॉलिसी काढायची आहे. अँजिओप्लास्टीचा उल्लेख टाळला तर हप्ता कमी बसेल, असे आमचे एजंट म्हणतात.’

तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे: एफडी मोडा, पीएफला हात लावू नका. पीएफवर सध्या सव्वाआठ टक्के व्याज मिळते आणि नोकरी सुटली तरी ते थांबत नाही. सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, एवढेच. शिवाय पीएफमधील पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि तुमची नऊ भरली आहेत. पेन्शनच्या खात्यातले पैसे काढले तर ही नऊ वर्षे पुसली जातील. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतले तर ती पुढच्या नोकरीत जोडली जातात.

मला काळजी वाटते ती वरच्या उताऱ्यातील शेवटच्या दोन वाक्यांची. ज्या दिवशी तुमची नोकरी सुटेल त्या दिवशी आईबाबांचे मेडिक्लेमचे छत्रही जाईल, हे तुमच्या हिशेबात कोठेच नाही. नव्याने काढलेल्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा दावा मिळत नाही) लागू शकतो, म्हणजे तुम्ही किसुमूहून परत याल तेव्हाही बाबांच्या हृदयविकाराला संरक्षण नसेल. आणि एजंटांचा सल्ला ऐकून अँजिओप्लास्टीत बसवलेल्या स्टेंटची (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीची) गोष्ट लपवली, तर दावा फेटाळण्याचे कारण आपणच लिहून दिल्यासारखे होईल. तुमच्यासारख्या परिचारिकेला हे सांगावे लागू नये: छातीत दुखून दाखल झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘जुना स्टेंट’ असे लिहिलेले असते आणि विमा कंपनी तोच कागद मागवते.

यावर मार्ग आहे. नोकरीच्या गटविम्यातून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि आजवर भोगलेल्या प्रतीक्षा काळाचे श्रेय मिळते. कंपनी जादा हप्ता मागेल, कदाचित नकारही देईल. म्हणूनच अर्ज आधी, कंपनीचे लेखी उत्तर नंतर आणि राजीनामा त्याच्याही नंतर. दोघांच्या पाच लाखांच्या संरक्षणासाठी वर्षाला 75 हजार धरून चाला. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा.

हेच एजंट तुमच्या चर्चच्या मंडळीतले असून 15 लाख विमा रकमेची वीस वर्षांची एन्डोमेंट (आयुर्विमा आणि बचत एकत्र असलेली) पॉलिसीही त्यांनीच गळ्यात घातली, असे पत्रात पुढे आहे. वर्षाला 96 हजारांचा हप्ता आहे, चार भरून झाले आणि ‘शेवटी 34 लाख मिळतील’ असे आश्वासन आहे. तो आकडा पॉलिसी विकताना दाखवतात त्या परताव्याच्या तक्त्यातील आठ टक्क्यांच्या गृहीतकाचा असणार. त्याच तक्त्यात शेजारी चार टक्क्यांचाही रकाना असतो, पण एजंटांचे बोट तिकडे सहसा जात नाही. 34 लाख खरोखर मिळाले तरी परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आतच पडतो. तुमच्या उत्पन्नावर कोणी अवलंबून नसताना हा आयुर्विमा कोणासाठी होता, हे त्यांना एकदा विचाराच. पॉलिसी सरेंडर केल्यास, म्हणजे मध्येच बंद केल्यास, निम्मे हप्ते, म्हणजे सुमारे एक लाख 90 हजार परत मिळतील. दुखेल, पण पुढचे सोळा हप्ते वाचतील.

आता बेरीज. एफडी सात लाख, सरेंडरचे एक लाख 90 हजार आणि 30 हजार मूळ वेतनावर नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे दीड लाख (ती तुम्ही धरलेलीच नाही), असे एकूण 10 लाख 40 हजार होतात. दोन वर्षांचा खर्च मिशनचे सहा, प्रवास वगैरे दीड आणि आईबाबांचा हप्ता दीड लाख, म्हणजे नऊ लाख. परत आल्यावर हाती एक लाख 40 हजार उरतील आणि नोकरी नसेल. ‘नर्सला नोकरी लगेच मिळते’ हे तुमचे म्हणणे बहुधा खरे ठरेल, पण चाळिशीत त्या ‘बहुधा’वर मी घर चालवू देणार नाही. एका वर्षासाठी गेलात तर खर्च सव्वापाच लाखांवर थांबतो आणि पाच लाखांहून अधिक शिल्लक राहतात. माझे मत एका वर्षाचे आहे. मुदत तिथून वाढवता येईल.

विषय माझा नाही, तरी पैसे तुमचे आहेत म्हणून विचारतो: महिन्याचे 25 हजार नेमके कशाचे, याचा लेखी तपशील मिशनने दिला आहे का? परदेशी पाहुण्यांच्या पैशावर चालणाऱ्या काही बालगृहांत आईवडील हयात असलेली मुलेही ‘अनाथ’ म्हणून ठेवली जातात, या तक्रारींची दखल संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 मध्ये घेतली; केनियाने तर 2017 मध्येच नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली होती. तेव्हा संस्थेचे नोंदणीपत्र मागा आणि मिशनच्या सेवकांसाठी असलेला ‘आय’ वर्गाचा परवाना संस्था काढून देणार आहे का, हेही विचारा. पर्यटक म्हणून जाऊन तिथे सेवा करता येत नाही. मिशनला दिलेल्या पैशावर भारतात देणगीची करसवलत मिळणार नाही.

तोवर एचआरकडून गटविम्याच्या पॉलिसीची प्रत आणि आईबाबांची नावे त्यात कोणत्या तारखेपासून आहेत याचा दाखला मागवून घ्या. स्थलांतराच्या अर्जाला हे दोन कागद लागतील, आणि राजीनामा दिलेल्या माणसाला एचआरचे उत्तर फार सावकाश येते.