पडदा, पटल की नुसताच टच?

प्रश्न असा आला आहे. घरपट्टी-पाणीपट्टी भरायच्या यंत्राशेजारी मराठी सूचनाफलक लावायचा आहे. मसुद्यात वाक्य आहे, 'स्पर्शसंवेदी दृश्यपटलावर दाब द्यावा.' विचारणाऱ्या ताईंना ते खटकतंय. टचस्क्रीनला स्पर्शपटल म्हणावं की स्पर्शपडदा, आणि मॉनिटर, डिस्प्ले, स्क्रीन यांना तीन वेगळे मराठी शब्द आहेत का, असं त्यांनी विचारलंय.

आधी या तिघांचा हिशेब. बोलताना आपण त्यांची फारशी गल्लत करत नाही. मॉनिटर बंद करतो, स्क्रीन पुसतो, डिस्प्ले 'जातो'. मॉनिटर म्हणजे स्टँड, वायर, बटणांसकट अख्खी वस्तू. स्क्रीन म्हणजे डोळ्यांसमोरचा भाग. आणि डिस्प्ले म्हणजे आतला, चित्र उमटवणारा भाग. मोबाइल दुरुस्त करणारा तर याहून बारीक बोलतो: 'टच चालतोय, डिस्प्ले गेलाय', 'नुसती वरची काच फुटलीय', आणि दोन्ही चिकटलेले असतील तर 'फोल्डरच बदलावं लागेल'. परिभाषा समितीवर अशा एखाद्या दुकानदाराला घ्यायला हवं, असं मला पुष्कळदा वाटतं.

मॉनिटर या शब्दाला मी हात लावणार नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बजावणारा, सावध करणारा. म्हणूनच वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा तो मॉनिटर. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत, बाहेर जाणारं चित्र नीट आहे ना हे बघायला जो संच ठेवत, त्यालाही हेच नाव होतं. म्हणजे हा शब्द मुळात दाखवणाऱ्याचा नाही, लक्ष ठेवणाऱ्याचा आहे. संगणकासमोर बसून आपण आता लक्ष ठेवत नाही, नुसते बघत बसतो, पण नाव राहिलं. कुणी 'दर्शक' सुचवतात. मराठीच्या वळणाने तो अचूक आहे: दिशादर्शक, सूक्ष्मदर्शक, दर्शक सर्वनाम, सगळीकडे दर्शक म्हणजे दाखवणारा. अडचण एवढीच की हिंदी वाहिन्यांनी 'दर्शक' म्हणजे प्रेक्षक हा अर्थ आपल्या कानात इतका भरलाय की 'दर्शक बंद करा' म्हटलं तर माणसं दचकतील.

खरी गंमत पडद्याची आहे. फारसीतून आलेला हा शब्द मुळात झाकणारा. पडद्याआड, पडदानशीन, प्रकरणावर पडदा टाकणं, ही सगळी लपवाछपवीची कामं. इंग्रजी स्क्रीनचंही तेच, शेकोटीची धग अंगावर येऊ नये म्हणून मध्ये धरायचा आडोसा. आणि पटल? संस्कृतात पटल म्हणजे छप्पर, आच्छादन, पापुद्रा. सुश्रुतसंहितेत डोळ्यातल्या थरांना पटल म्हटलंय आणि तिमिर हा दृष्टी अंधुक करणारा रोग त्या पटलांतच सांगितलाय. म्हणजे तिन्ही भाषांनी झाकणाऱ्या वस्तूचंच नाव उचललं आणि दाखवणाऱ्या वस्तूला दिलं. लग्नातला अंतरपाट आठवा. समोरच्याला झाकतो, पण सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच असतात.

मराठीत तर पडदा याच्या पुढे गेला. सिनेमाने त्याला रुपेरी केलं, दूरचित्रवाणीने छोटा. शाळेत बहिर्वक्र भिंगाची वास्तव प्रतिमा आपण पडद्यावरच मिळवली. डोळ्यांचे डॉक्टर पेशंटला सांगतात, 'पडदा तपासावा लागेल', तेव्हा ते पुस्तकातल्या दृष्टिपटलाबद्दलच बोलत असतात. पडदा आणि पटल ही जोडी अशी आधीच एका अवयवावर नांदते आहे: एक दवाखान्यात, दुसरा पाठ्यपुस्तकात. वर आणखी कानाचा पडदा. ताणलेला, नाजूक, हवेच्या हलक्या थरथरीलाही जाणवून घेणारा. झाकणारा, दाखवणारा आणि जाणवून घेणारा, असे तिन्ही अर्थ अंगी असलेला शब्द घरात असताना 'स्पर्शसंवेदी दृश्यपटल' कशाला? फलकावर नुसतं 'पडदा' लिहा. यंत्रासमोर उभ्या माणसाला खिडकीचा पडदा आठवणार नाही. कोश किंवा पाठ्यपुस्तक करत असाल तर 'स्पर्शपटल' खुशाल घ्या. तिथे नेत्रपटल, स्मृतिपटल आणि विधिमंडळातलं 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' यांच्या पंगतीत ते शोभतं.

पण ताई, तुमच्या वाक्यातली चूक नामात नाहीच, ती 'दाब द्यावा' मध्ये आहे.

टचस्क्रीनच्या दोन जाती सर्रास भेटतात. रेझिस्टिव्ह जातीत विद्युतवाहक लेप दिलेले दोन थर अगदी थोडं अंतर ठेवून बसवलेले असतात. वरचा थर दाबला की तो खालच्याला टेकतो आणि यंत्राला जागा कळते. तिथे नख चालतं, पेनाचं टोपण चालतं, हातमोजाही चालतो, पण दाबावं लागतं. कपॅसिटिव्ह जातीत दाबण्याचा संबंधच नाही. काचेखालच्या जाळीत विद्युत क्षेत्र असतं, आपलं बोट वीजवाहक असल्यामुळे जवळ आलं की ते बदलतं, आणि तेवढं पुरतं. इंग्लंडच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली असा पडदा मांडला, तो विमान वाहतूक नियंत्रणासाठी. आज आपल्या खिशातल्या फोनचा पडदा याच जातीचा. म्हणून नुसत्या नखाने तो ऐकत नाही आणि लोकरी मोजाला दादच देत नाही. अशा पडद्यावर 'दाबा' लिहिलं की आजोबा अंगठा पांढरा होईपर्यंत दाबतात आणि 'मशीन बंद आहे' म्हणून घरी जातात.

(या जातींचं भाषांतर करतानाही सांभाळा. रेझिस्टन्सला विज्ञानात रोध म्हणतात, तो धरून 'स्पर्शरोधी पडदा' केला तर जलरोधी म्हणजे पाणी न येऊ देणारा, तसा हा स्पर्श न होऊ देणारा! 'दाबपडदा' म्हणा, प्रश्न मिटला. रिझोल्यूशनचं 'ठराव' करणारे आहेतच. तिथे 'चित्रबिंदूंची संख्या' म्हटलं की काम होतं, १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू.)

क्रियापदांची तर मराठीत चंगळ आहे. संकेतस्थळांवर क्लिकसाठी 'टिचकी' रुजली, ती माउसला ठीक. पण टिचकी अंगठ्यावरून बोट उडवून मारतात, काचेवर ती नको. टॅपला 'बोट टेकवा'. स्वाइपला 'सरकवा'. लाँग प्रेसला 'बोट टेकवून ठेवा', कारण 'दाबून धरा' म्हटलं की पुन्हा दाबणं आलंच. आणि दोन बोटांनी चित्र लहान करतात त्याला 'चिमटी', मिठाची घेतो तीच. मोठं करायला चिमटी सोडायची.

तेव्हा फलकाचा माझा मसुदा असा:

'पडद्यावर बोट अलगद टेकवा. जोर लावू नका. आणखी नावं पाहण्यासाठी यादी वर सरकवा. बोट ओलं असेल तर आधी पुसून घ्या.'

शेवटचं वाक्य गाळू नका. पाणीही वीज वाहून नेतं, आणि पावसाळ्यात तुमच्या यंत्राला बोट कुठलं आणि थेंब कुठला ते कळायचं नाही. छापायला देण्याआधी मात्र एकदा पेनाच्या प्लास्टिकच्या टोपणाने पडदा दाबून बघा. त्याने काम झालं, तर तुमचं यंत्र बहुधा दाबपडद्याचं, आणि मग मसुद्यातला 'दाब' बरोबर होता.