मातृभूमी वसवता येते का?

'महायुद्धानंतर ज्यूंची मातृभूमी आणखी कुठे वसवता आली असती?' हे वाक्य अनुवादात वाचून काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते सापडेना, असं तुम्ही लिहिलंय. खटकतंय ते क्रियापद. पेठ वसवतात, गाव वसवतात. मातृभूमी आधीपासून असते. ती सुटते, आठवते, फार तर परत मिळते. 'होमलँड' दिसलं की अनुवादकाचा हात सवयीने 'मातृभूमी'कडे जातो, त्याचा हा परिणाम.

या 'होमलँड'मागचा मुळातला जर्मन शब्द 'हाइमश्टेटे', म्हणजे घराची जागा. १८९७मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पहिली झायनवादी परिषद (ज्यूंसाठी पॅलेस्टाईनमध्ये घर मागणाऱ्या चळवळीची) भरली, तिथे चळवळीचे नेते माक्स नोर्डाऊ यांनी तो मुद्दाम पुढे केला, कारण 'राज्य' म्हटलं असतं तर पॅलेस्टाईन ज्याच्या ताब्यात होतं तो तुर्की सुलतान बिथरला असता. ठरावात 'कायद्याने सुरक्षित' असंही विशेषण आहे, म्हणून मला 'हक्काचं घर' हेच त्याला सगळ्यात जवळचं वाटतं. १९१७च्या बॅल्फोर जाहीरनाम्यातलं (ब्रिटिश सरकारने ज्यूंना दिलेल्या आश्वासनातलं) 'नॅशनल होम'ही याच वळणाचं.

याच नोर्डाऊंनी १९०३मध्ये आणखी एक शब्द दिला. ब्रिटिशांनी ज्यूंना पूर्व आफ्रिकेत जमीन देऊ केली होती (नाव 'युगांडा योजना', जागा आजच्या केनियात!). तिची बाजू मांडताना ते म्हणाले, 'नाख्टआझील', रात्रीपुरता आसरा. थोडक्यात, धर्मशाळा. तिथे पाहणी पथक पाठवायला त्या वर्षीच्या झायनवादी परिषदेत २९५ विरुद्ध १७८ मतं पडली खरी, पण त्याच वर्षी जिथे ज्यूंची कत्तल झाली त्या रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहराचे प्रतिनिधीसुद्धा विरोधात गेले. धर्मशाळेला घर म्हणायला ते तयार नव्हते.

ऑस्ट्रेलियातलं किंबर्ली (१९४४मध्ये पंतप्रधान कर्टिन यांनी नकार दिला) आणि युद्धानंतरचं सुरिनाम, या फ्रीलँड लीगच्या (पॅलेस्टाईनबाहेर ज्यूंसाठी जागा शोधणाऱ्या संघटनेच्या) योजनांसाठी साधं 'वसाहत' पुरे. त्या मंडळींना स्वतंत्र राज्य नकोच होतं. फेब्रुवारी १९४५मध्ये सौदी अरेबियाचे राजे इब्न सौद यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टना सुचवलं, की ज्यांनी छळलं त्या जर्मनांच्याच उत्तम जमिनी ज्यूंना द्या. त्याला मराठीत एकच शब्द: भरपाई.

गंमत म्हणजे हिब्रूतल्या 'मोलेदेत'चा धातू 'जन्मणे' हाच आहे, म्हणजे शब्दशः जन्मभूमी. त्या अर्थाने अलिबागेत जन्मलेल्या बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू) माणसाची मोलेदेत कोकणच! आपल्याकडचे बेने इस्राएल भारताला मातृभूमी आणि इस्राएलला पितृभूमी म्हणतात, ते उगाच नाही.

तुमच्या वाक्यात 'ज्यूंचं हक्काचं घर आणखी कुठे उभं राहू शकलं असतं?' असं करा. 'वसवणे' ठेवायचंच असेल तर 'मातृभूमी' काढा.