आधी स्पॉट मोज

प्रिय मुली,

तुझी मेल वाचली, लेसरच्या पल्सची ऊर्जा मोजणाऱ्या सेन्सरच्या खरेदीसाठी जोडलेलं कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंटही पाहिलं. टेबल सुबक झालंय. तीन कंपन्या, किंमत, वॉरंटी, तरंगलांबीची रेंज, कमाल ऊर्जा, एल-वन (सर्वांत कमी दराची कंपनी) कोण, सगळं आहे. खाली तुझा प्रश्न: "सर, लेसर २०० मिलिजूलचा आणि सेन्सर २ जूलपर्यंतचा, म्हणजे दहापट सुरक्षित ना?"

अगं, या टेबलात एक रकाना नाहीच. सेन्सरच्या तोंडावर तुझा बीम केवढा पडणार आहे, म्हणजे स्पॉट केवढा? मिलिमीटरमध्ये सांग. तो आकडा येईपर्यंत सुरक्षित-असुरक्षित बोलायचं कशाच्या जोरावर?

तो '२ जूल' म्हणजे परवानगी नव्हे. मीटरच्या त्या रेंजवर जास्तीत जास्त एवढा आकडा दिसेल, इतकंच त्यातून कळतं. सेन्सर जळतो तो जूलने नाही, जूल प्रति चौरस सेंटिमीटरने. पत्रकात तो आकडा बारीक टायपात, मागच्या पानावर असतो, आणि त्याच्यापुढे पल्स किती नॅनोसेकंदाची आणि तरंगलांबी कोणती तेही लिहिलेलं असतं. तुझ्या पहिल्या कोटेशनमधल्या सेन्सरला १०६४ नॅनोमीटरला, १० नॅनोसेकंदांसाठी, ०.५ जूल प्रति चौरस सेंटिमीटर दिलंय. आता पेन घे. लेसरच्या मॅन्युअलमध्ये बीम ६ मिलिमीटर म्हटलाय. त्रिज्या ०.३ सेंटिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौरस सेंटिमीटर. ०.२ जूल भागिले ०.२८, म्हणजे ०.७. इथेच मर्यादा ओलांडली. वर बीम गॉसियन धरला, म्हणजे मधोमध प्रखर आणि कडेकडे विरत जाणारा, तर मधोमध तीव्रता सरासरीच्या दुप्पट असते. म्हणजे १.४. जवळजवळ तिप्पट! हिलाच तू दहापट सुरक्षित म्हणत होतीस. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशावर जाशील तेव्हा ती मर्यादा बहुतेक आणखी खाली आलेली असेल. बहुतेक काळे लेप हिरव्या आणि अतिनील पल्सपुढे लवकर हार मानतात.

म्हणून आधी स्पॉट मोज. मॅन्युअलमधला नको, तुझ्या प्रयोगाच्या टेबलावरचा. आणि जिथे सेन्सर बसणार तिथेच. तुझ्याकडच्यासारख्या क्यू-स्विच्ड (आखूड, जोरदार पल्स सोडणाऱ्या) एनडी-याग लेसरमध्ये बीम तोंडाशी एक असतो, दोन मीटरवर दुसरा. गॉसियन मिरर लावलेल्या कॅव्हिटीचा (लेसरच्या आतल्या आरशांच्या जोडीचा) बीम जवळ सपाट, कधी कडेला रिंगा असलेला, आणि खूप दूर गेल्यावर गॉसियनसारखा दिसतो. मधल्या टप्प्यात एखादा हॉट स्पॉट असा निघतो की सरासरीचा हिशेब कागदावरच राहतो. कॅमेरा-प्रोफायलर नसेल तर बर्न पेपर आहे, पल्सचा डाग उमटतो तो कागद. जुन्या लोकांकडे डेव्हलप केलेला काळा फोटोपेपर असायचा. आता थर्मल पेपरही चालतो. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घाल, नाहीतर उडालेली काजळी तुझ्याच लेन्सवर बसेल. आणि गॉगल दोन्ही तरंगलांब्यांचा घाल. नुसता हिरव्याचा गॉगल घालून १०६४ समोर उभे राहणारे मी पाहिलेत.

लेसरच्या सुरुवातीच्या दिवसांत, १९६० नंतर, रूबी लेसरचा जोर चेष्टेने 'जिलेट'मध्ये मोजायचे. दाढीची किती पाती एकाखाली एक ठेवून पल्स त्यांतून आरपार जाते, ती संख्या. लोक हे हसत सांगतात. मला त्यात गंमत वेगळीच वाटते. भोक पडणं ऊर्जेवर जेवढं, तेवढंच फोकस किती बारीक आहे त्यावर अवलंबून. म्हणजे ते लोक नकळत स्पॉटच मोजत होते! आज आपल्याकडे यूएसबीवाला मीटर आहे आणि स्पॉटचा रकाना कोरा.

तू पुढे विचारलंस, पायरो (पायरोइलेक्ट्रिक) सेन्सर घेऊ की थर्मोपाइल. हा खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर तुझ्या प्रयोगात आहे, कोटेशनमध्ये नाही. तू एलआयबीएस करणार, म्हणजे लेसरने प्लाझ्मा करून त्याच्या प्रकाशावरून नमुन्यातली मूलद्रव्यं ओळखणार. स्टीलच्या तुकड्यावर पल्स पडली, प्लाझ्मा झाला, स्पेक्ट्रम आला. पुढच्या पल्सला ऊर्जा पाच टक्के घसरली तर रेषांची उंचीही हलणार, आणि तू ते मिश्रधातूच्या नावावर खपवशील. तेव्हा तुला प्रत्येक पल्सचा आकडा हवा. थर्मोपाइल सरासरी पॉवर सांगतं: २ वॅट, १० हर्ट्झ, म्हणून २०० मिलिजूल. मधल्या दोन पल्स मेल्या तरी त्याला पत्ता नाही. महिन्याच्या वीजबिलावरून कुठल्या रात्री गीझर चालू राहिला ते कळत नाही, तसं. एकटी पल्स मोजण्याची सोय काही थर्मोपाइलमध्ये असते, पण त्यात दोन पल्समध्ये सेकंदांचं अंतर लागतं. तुझ्या १० हर्ट्झला ती नको. फायबर लेसरचं मार्किंग मशीन असतं, २० वॅट, २० किलोहर्ट्झ, तर मीच म्हटलं असतं की थर्मोपाइल घे, वारंवारतेने भाग, १ मिलिजूल, विषय संपला. फोटोडायोड फार छोट्या ऊर्जांच्या जगासाठी. तुझ्याकडे तो लगेच सॅच्युरेट होईल आणि प्रत्येक तरंगलांबीला त्याची संवेदना वेगळी. त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

मग पायरोइलेक्ट्रिक. स्फटिक, उदाहरणार्थ लिथियम टँटालेट, तापला की त्याच्या दोन तोंडांवर विद्युतभार जमतो. तापमान बदललं तरच. म्हणून सतत चालणाऱ्या लेसरपुढे तो गप्प, पल्स आली की बोलतो. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची खोड, कारण हादऱ्यालाही बोलतो. लेसर थंड ठेवणारा चिलर त्याच टेबलावर ठेवला असशील तर आजच खाली काढ. मीटरची ट्रिगर लेव्हल (जिच्यावरचा सिग्नलच पल्स म्हणून धरला जातो) फार खाली ठेवलीस तर हादरे पल्स म्हणून मोजले जातात, फार वर ठेवलीस तर खऱ्या पल्स गळतात.

आता हा पायरो पूर्ण बीमसमोर ठेवायचा का? वर गणित झालंय, नाही. मग तीन वाटा उरतात. एक, बीम पसरवायचा. मर्यादेपासून थोडं अंतर ठेवून शिखरावर ०.३ जूल प्रति चौरस सेंटिमीटरच्या आत राहायचं तर २०० मिलिजूलला साधारण १३ मिलिमीटरचा बीम लागेल. ठीक, निगेटिव्ह लेन्सने होईल. पण मग सेन्सरचं तोंड केवढं हवं? तोंड बीमच्या व्यासाएवढंच असेल तर गॉसियनची साडेतेरा टक्के ऊर्जा बाहेर सांडते. दीडपट असेल तर सुमारे एक टक्का. दुप्पट असेल तर नगण्य. म्हणजे १३ मिलिमीटरच्या बीमला २० ते २६ मिलिमीटरचं तोंड. तुझ्या एल-वनचं १२ मिलिमीटर आहे. पुन्हा स्पॉट! जाळायचा नसेल तरी स्पॉट माहीत हवा, सांडायचा नसेल तरी माहीत हवा.

दुसरी वाट, व्हॉल्यूम अ‍ॅब्सॉर्बर असलेला सेन्सर. त्यात प्रकाश वरच्या लेपातच न थांबता काचेच्या खोलीत शोषला जातो, उष्णता जाडीभर वाटली जाते, म्हणून नॅनोसेकंदांच्या पल्स तो पुष्कळ जास्त सोसतो. वेगात कमी पडतो, पण १० हर्ट्झला बहुतेक पुरतो. पत्रकात कमाल वारंवारता बघून घे. महाग असतो.

तिसरी वाट माझी लाडकी. फ्यूज्ड सिलिकाचा कोटिंग नसलेला वेज (दोन बाजू किंचित तिरक्या असलेली काच) बीममध्ये, शक्य तेवढा लंबरूप ठेव. एका पृष्ठभागावरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत येतो, म्हणजे ७ मिलिजूल. तोच ६ मिलिमीटरचा बीम, शिखरावर ०.०५ जूल प्रति चौरस सेंटिमीटर. तुझा स्वस्त पायरो आरामात जगेल, आणि उरलेला बीम नमुन्यावर जाईल, म्हणजे प्रत्येक प्लाझ्माबरोबर त्याच पल्सची ऊर्जा नोंदली जाईल. वेज ४५ अंशांवर मात्र ठेवू नकोस. तिथे एका ध्रुवणाला आठ टक्के परावर्तन आणि दुसऱ्याला एक टक्काही नाही. हार्मोनिक क्रिस्टल (१०६४ चा ५३२ करणारा) जरा तापून ध्रुवण थोडं जरी फिरलं, की सेन्सरकडे येणाऱ्या आणि पुढे जाणाऱ्या ऊर्जेचं तुझं गुणोत्तर घसरलं आणि तुला वाटणार लेसर बिघडला. व्हॉल्यूम अ‍ॅब्सॉर्बर शेजारच्या विभागातून एका दुपारपुरता उसना आण, वेजच्या पुढे ठेव, दोन्ही आकडे एकाच वेळी नोंद, गुणोत्तर काढ. कॅलिब्रेशन प्रमाणपत्रात साधारण तीन टक्के अनिश्चितता असते, तीही लिहून ठेव. ५३२ साठी गुणोत्तर वेगळं काढ, आणि त्याआधी डायक्रोइकने (तरंगलांबीनुसार प्रकाश वेगळा करणाऱ्या आरशाने) उरलेला १०६४ वेगळा कर. काळ्या लेपाच्या सेन्सरला रंग कळत नाही. हिरव्याबरोबर आलेली अदृश्य ऊर्जा तो इमानदारीने बेरजेत धरतो.

अजून एक, कारण ही चूक प्रत्येक लॅबमध्ये होते. सेन्सरची काळजी म्हणून लॅम्पची (लेसरच्या रॉडला ऊर्जा देणाऱ्या फ्लॅशलॅम्पची) वारंवारता १० वरून १ हर्ट्झवर आणतात. रॉड कमी तापतो, थर्मल लेन्स (तापलेला रॉड लेन्ससारखा वागतो तो परिणाम) बदलते, आणि बीमचा आकारही बदलतो. ज्या बीमचा स्पॉट मोजला तो हा बीम राहिला नाही. लॅम्प १० हर्ट्झवरच चालू दे, क्यू-स्विचने पल्स गाळ. आणि लेसर अर्धा तास गरम झाल्याशिवाय मोजू नकोस.

तू म्हणतेस की वेळ नाही, मार्चअखेर ग्रँट परत जाईल. जाऊ दे, असं मी म्हणू शकत नाही, मला पर्चेस कमिटी ठाऊक आहे. पण बर्न पेपरला एक दुपार लागते. एक दुपार!

मी हटवादी आहे असं तुला कुणी सांगितलंच असेल. विभागात माझ्यामागे काय बोलायचे ते मला माहीत होतं. एका विद्यार्थ्याचा अ‍ॅब्लेशन थ्रेशोल्डवरचा (लेसरने पदार्थ उडू लागतो त्या किमान मर्यादेवरचा) पेपर मी अडवला होता. आकडा जूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि खालचा चौरस सेंटिमीटर कुठून आला? लेन्सच्या सूत्रातून. मोजलेला नाहीच. त्रिज्येत दहा टक्के चूक झाली तर थ्रेशोल्ड वीस टक्क्यांनी हलतो, हे मी त्याला फळ्यावर लिहून दाखवलं. तो म्हणाला, सगळे असंच करतात. मी सही केली नाही. त्याने गाइड बदलला, पेपर छापूनही आला, आणि आमचं बोलणं कायमचं तुटलं. याची खंत आहे. चांगला मुलगा होता, हात फार स्वच्छ होता, अलाइनमेंट त्याच्यासारखी कुणी करत नसे. पण ती सही आज मागितली तरी मी करणार नाही. काही जण म्हणतात, याने दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात आयुष्य घालवलं, स्वतःचं काय केलं. त्यांना म्हणावं, मी मोजलेले आकडे आजही उभे आहेत. मला तेवढं पुरतं. बरं, हे तुला का सांगतोय, माहीत नाही. तुझा प्रश्न सेन्सरचा होता.

तर करायचं असं. या आठवड्यात सेन्सरच्या जागी बर्न घे, १०६४ आणि ५३२ दोन्हींचे, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून फोटो काढ आणि मला पाठव. कागदावरचा डाग म्हणजे बीमचा खरा व्यास नव्हे, ऊर्जा वाढली की डागही वाढतो, म्हणून दोन-तीन ऊर्जांवर घे. टेबलात तीन रकाने वाढव: शिखरावरचा जूल प्रति चौरस सेंटिमीटर, कंपनीची मर्यादा त्याच पल्सरुंदी आणि तरंगलांबीला, आणि तोंडाचा व्यास भागिले बीमचा व्यास. ज्या कंपनीने दुसऱ्या रकान्यासाठी आकडा दिला नाही तिला लेखी विचार. देत नसेल तर ती एल-वन असली तरी तांत्रिक छाननीत बाद, आणि कमिटीला हे कारण चालतं. वेजचा खर्च त्याच इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) धर.

अनेक आशीर्वाद.

ता. क. सेन्सर आला की पहिल्या दिवशी लॅम्प चालू ठेवून बीम ब्लॉकने अडव आणि मीटर बघ. तरीही आकडे उमटत असतील तर तो फ्लॅशलॅम्पच्या पॉवर सप्लायचा विद्युत-कोलाहल आहे, ऊर्जा नव्हे. केबल आखूड कर, सप्लायपासून दूर ने, मग ट्रिगर लेव्हल ठरव.